बासचे व्हिडिओ पाहून नाथसागरावर गळ टाकणाऱ्यांसाठी: रॉड, दोरी आणि गाठीचा हिशेब

रॉडवर छापलेलं असतं: ७ फूट, मीडियम-हेवी, फास्ट ॲक्शन, ७ ते २८ ग्रॅम. रीलवर ३००० आणि ५.२:१. दोरीच्या चकतीवर २० एलबी, नाहीतर पीई २. पैठण, माजलगाव, जिंतूरकडची पोरं हल्ली हे सगळं ऑनलाइन मागवतात, कारण मोबाइलवरचे व्हिडिओ तेच दाखवतात. व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले आणि त्यातला मासा लार्जमाउथ बास. हा मासा ना जायकवाडीच्या नाथसागरात, ना येलदरीत, ना मांजरा धरणात. मग पार्सल फोडल्यावर प्रश्न पडतो, यातलं आपल्या पाण्यात चालणार काय?

बरंचसं चालेल, पण खरेदीचा क्रम उलटा करावा लागेल. बहुतेक जण आधी रील पसंत करतात, कारण चकचकीत तेच दिसतं. मग त्याला साजेसा रॉड, आणि उरल्या पैशांत दोरी नि गळ. खरं तर सुरुवात माशापासून व्हायला हवी. मासा कोणता, त्याचं तोंड कसं, तो राहतो कुठे. त्यावरून आमिष, आमिषावरून गळ, गळावरून दोरी, दोरीवरून रॉड आणि सगळ्यात शेवटी रील. या क्रमाने गेलं की छापलेला प्रत्येक आकडा आपोआप उलगडत जातो.

बास नाही, मग आपल्याकडे कोण?

बास मूळचा उत्तर अमेरिकेतला. मोठ्या तोंडाचा आणि दबा धरून बसणारा. गवताच्या किंवा बुडालेल्या झाडाच्या आडोशाला थांबायचं आणि जवळून काही गेलं की झडप घालायची, हा त्याचा स्वभाव. बास पकडायचं सगळं सामान या एका स्वभावाभोवती घडलेलं आहे.

याच स्वभावाचा आपला मासा म्हणजे मरळ. पाणकणीस, जलपर्णी, काठावरची बेशरम यांच्या सावलीत ती असते. बेडूक, छोटे मासे, किडे, जे मिळेल ते गिळते. बासपेक्षा दोन गोष्टी वेगळ्या. मरळीचा जबडा हाडाचा आणि दातेरी असतो, त्यामुळे गळ रुतायला जोर लागतो. दुसरं म्हणजे मरळ हवेवर जगते. थोड्या थोड्या वेळाने तिला पृष्ठभागावर येऊन श्वास घ्यावाच लागतो, आणि त्या वेळी पाण्यावर उठणारी छोटी उकळी काठावरून दिसते. बास असा पत्ता देत नाही.

रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी बासचं आमिष जवळजवळ निरुपयोगी. कटला वरच्या थरात प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, टिपतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. त्यांना कणकेचा गोळा किंवा शेंगदाण्याची पेंडच हवी. वाम आणि शिंगाडा तळाचे; गांडूळ किंवा माशाचा तुकडा लावून शिसं खाली सोडायचं. रबरी बेडूक फेकून रोहूची वाट पाहणाऱ्याला दिवसभर ऊन तेवढं मिळेल.

म्हणून पुढचं सगळं मुख्यतः मरळीला धरून सांगतो.

रॉडवरचे शब्द: ताकद वेगळी, वाकण वेगळं

मीडियम-हेवी म्हणजे ताकद, रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. फास्ट ॲक्शन म्हणजे रॉड कुठून वाकतो ते. फास्ट रॉड फक्त टोकाकडच्या भागात वाकतो, स्लो रॉड जवळजवळ मुठीपर्यंत. या दोन गोष्टींची गल्लत दुकानदारही करतात.

मरळीला टोकाकडून वाकणारा आणि कडक रॉड हवा, कारण हात उचलल्याबरोबर झटका थेट गळापर्यंत पोहोचला पाहिजे. कणकेच्या गोळ्यावर रोहू धरायचा असेल तर उलट मऊ रॉड बरा. रोहूचे ओठ नाजूक असतात, कडक झटक्याने फाटतात.

७ ते २८ ग्रॅम हा आकडा माशाचा नाही, फेकायच्या आमिषाचा. तेवढ्या वजनाचं आमिष असलं तर रॉड नीट वाकून ते लांब फेकतो. ३ ग्रॅमचं काही लावलं तर ते पायाशीच पडेल, ६० ग्रॅमचं शिसं लावून जोरात फेकलं तर टोक मोडेल.

रीलवरचं ५.२:१ सोपं आहे. मूठ एकदा फिरवली की दोरी गुंडाळणारा भाग ५.२ वेळा फिरतो. आकडा मोठा तेवढी दोरी लवकर परत येते. ३००० हा रीलचा आकारमानाचा क्रमांक, आणि तो कंपनीगणिक थोडा बदलतो. नवशिक्याने स्पिनिंग रील घ्यावं, म्हणजे रॉडच्या खाली लटकणारं. वर बसणारं बेटकास्टिंग रील व्हिडिओत भारी दिसतं, पण अंगठ्याने वेळेवर दाबलं नाही तर चकती दोरीपेक्षा जोरात फिरते आणि असा गुंता होतो की शेवटी कात्रीच काढावी लागते.

२० एलबी म्हणजे २० पौंडांचा मासा नाही

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, म्हणजे २० एलबी दोरी साधारण ९ किलोचा ताण सोसते. तो ताणाचा आकडा आहे, माशाच्या वजनाचा नाही. पाण्यात मासा जवळजवळ तरंगत असतो, त्याचं वजन दोरीवर येतच नाही. येतो तो त्याच्या धावण्याचा जोर आणि झटका. काठावर आल्यावर दोरीला धरूनच उचलला, की मात्र पूर्ण वजन येतं. बरेच मासे शेवटच्या दोन हातांत सुटतात ते यामुळेच. जाळीची पिशवी जवळ ठेवा.

बासचा जागतिक विक्रम १९३२ सालचा आहे. अमेरिकेतल्या जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे १० किलोंच्या थोडा वरचा मासा धरला. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. म्हणजे विक्रमी बाससुद्धा १० किलोंच्या आसपास. मग अमेरिकेतले लोक गवतात ५० एलबीची दोरी का वापरतात? माशासाठी नाही, गवतासाठी. मासा आणि त्याच्याभोवती गुंडाळलेला शेवाळाचा भारा असं दोन्ही ओढायचं असतं. मरळीलाही हेच लागू आहे. मोकळ्या पाण्यात २० एलबी भरपूर झाली, दाट जलपर्णीत ४० ते ५०.

दोऱ्या मुख्यतः तीन. पहिली आपली ओळखीची नायलॉनची तंगूस. ती ताणली की लांबते, त्यामुळे झटका सोसते आणि नवख्याच्या चुका झाकते. पण लांब अंतरावर गळ रुतवताना तेच ताणणं आडवं येतं. शिवाय नायलॉन पाणी शोषतो आणि उन्हाने कमजोर होतो. पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळे पडलेली तंगूस धड दिसली तरी टाकून द्या.

दुसरी ब्रेड, म्हणजे पॉलिइथिलीनच्या बारीक धाग्यांची विणलेली दोरी. पीई हा आकडा हिचाच आणि तो जाडी सांगतो: पीई १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिलिमीटर. ही जवळजवळ ताणत नाही, पाण्यावर तरंगते आणि त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा कितीतरी मजबूत असते. गवताला ती करवतते. तिचं दुखणं दगड. आपल्या काठावरचा काळा बेसॉल्ट खरबरीत असतो, ताणलेली ब्रेड त्यावर घासली की धागे एकेक तुटत जातात. म्हणून दगडी काठावर ब्रेडच्या पुढे हात-दीड हात जाड नायलॉन जोडतात. त्या तुकड्याला लीडर म्हणतात.

तिसरी फ्लुरोकार्बन. तिची जाहिरात ‘पाण्यात न दिसणारी’ अशी असते. त्यात तथ्य आहे. प्रकाश वाकवण्याचा तिचा गुणांक सुमारे १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५च्या पुढे. तिचा गुणांक पाण्याच्या जवळ असल्यामुळे ती कमी चमकते. पण पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा गाळ घेऊन गोदावरी येते, तेव्हा पाण्यात मनगट बुडवलं तरी बोटं दिसत नाहीत. तिथे न दिसणाऱ्या दोरीला जास्त पैसे कशाला मोजायचे? शिवाय ती पाण्यापेक्षा जड असल्याने बुडते आणि पृष्ठभागावरच्या बेडकाला खाली ओढते. मरळीसाठी मी तरी ती घेणार नाही.

गाठ तुटते, दोरी नाही

दोरी तुटली म्हणून लोक कंपनीला शिव्या देतात. तुटलेलं टोक नीट पाहा. ते कुरळं, पिळवटलेलं असेल तर दोरी गाठीपाशी गेली आहे. गाठीत दोरी एकदम वळते. वळणाच्या बाहेरच्या बाजूवर सगळा ताण येतो, आतली दबते, आणि एक वेढा दुसऱ्यावर घासतो. चकतीवरचे २० एलबी सरळ दोरीचे असतात. वाईट गाठ त्यातले निम्मेही शिल्लक ठेवत नाही.

कोरडी गाठ आवळताना घर्षणाने उष्णता होते आणि नायलॉन तिथेच मरतो. म्हणून आवळण्याआधी गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करायची आणि झटका न देता सावकाश ओढायची. यापेक्षा स्वस्त सुधारणा या छंदात दुसरी नाही.

गाठींची यादी मोठी आहे, पण दोन नीट आल्या तरी वर्षानुवर्षं भागतं.

पालोमर गळासाठी. दोरी दुहेरी करा आणि तो दुमड गळाच्या नाकातून ओवा. दुहेरी दोरीचीच एक साधी सैल गाठ मारा, गळ खाली लोंबता ठेवून. आता टोकाच्या दुमडीतून अख्खा गळ आरपार काढा. ओलं करा, दोन्ही पदर एकदम ओढा, उरलेलं टोक कापा. वेढे एकमेकांवर चढलेले दिसले तर सोडून पुन्हा बांधा. ब्रेडसाठी हीच. ब्रेड गुळगुळीत असते. नायलॉनवर चालणारी पाच-सहा वेढ्यांची क्लिंच गाठ तिच्यावर हळूहळू सरकते आणि मासा लागल्यावर सुटते. ‘दोरी तुटली नाही, गाठही तुटली नाही, तरी गळ गेला’ या गूढाचा उलगडा बहुतेक वेळा हाच.

दुहेरी युनी ब्रेडला लीडर जोडण्यासाठी. दोन्ही दोऱ्यांची टोकं विरुद्ध दिशांनी शेजारी ठेवा. एका टोकाचा फास करून ते फासाच्या आतून दोन्ही दोऱ्यांभोवती गुंडाळा. नायलॉनचे चार-पाच वेढे, ब्रेडचे आठ. तसंच दुसऱ्या बाजूने. ओल्या केलेल्या दोन्ही गाठी आवळून एकमेकींना भिडवा.

घरी बसून परीक्षा घेता येते. गळ खिळ्याला अडकवा, दुसऱ्या टोकाला रद्दीवाल्याकडे असतो तसला ताणकाटा लावा आणि ओढा. चष्मा घाला, गळ सुटला तर तो थेट तोंडाकडे येतो.

ड्रॅग: दोरी सुटू देणारं चाक

रीलच्या डोक्यावर एक फिरणारी चकती असते. ती रीलमधल्या चकत्यांवरचा दाब कमीजास्त करते. ठरावीक ताणापलीकडे मासा ओढू लागला की रील दोरी सोडतं, कर्रर्र आवाज येतो. हा ड्रॅग. उधळलेल्या बैलाचा कासरा मुठीत गच्च धरला तर एकतर कासरा तुटतो नाहीतर माणूस फरफटतो. जाणता गडी तो हातातून थोडा सरकू देतो, पण सोडत नाही. ड्रॅग तेच काम करतो.

लावायचा किती? दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका. ९ किलोच्या दोरीला सव्वादोन ते तीन किलो. रॉड वाकवलेला धरून दोरीचं टोक ताणकाट्याला बांधा आणि कोणाला तरी ओढायला सांगा. काटा कितीवर असताना दोरी सुटू लागते ते पाहा. उरलेली ताकद वाया जात नाही. गाठीने खाल्लेला हिस्सा, दगडावर घासलेला भाग आणि माशाचा अचानक झटका, हे सगळं त्यातूनच भागतं.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि व्हिडिओंतली निम्मी भांडणं त्यावरूनच असतात. दाट जलपर्णीत मरळीला दोरी दिली तर ती मुळांत शिरते आणि विषय संपतो. तिथे ड्रॅग जवळजवळ बंद करून ओढूनच आणायची असते. म्हणून ५० एलबीची ब्रेड, कडक रॉड आणि जाड तारेचा गळ तिघांची गरज एकदम पडते. एकच गोष्ट वाढवली तर तुटण्याची जागा फक्त पुढे सरकते: दोरी टिकली तर गळ सरळ होतो, गळ टिकला तर रॉड मोडतो.

गळाचे उलटे नंबर आणि रबरी बेडूक

गळाचे नंबर डोकं फिरवतात. ६ पेक्षा ४ मोठा, ४ पेक्षा २ मोठा, २ पेक्षा १ मोठा. तिथून पुढे १/०, २/०, ४/० असे नंबर लागतात आणि इथे मात्र आकडा वाढेल तसा गळ मोठा होतो. छोट्या चिलापीला गांडूळ लावून ८ किंवा ६, मरळीला ३/० ते ५/०.

मरळीसाठी बासवाल्यांनी दिलेली खरी भेट म्हणजे पोकळ रबरी बेडूक. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर तोंड करून असतात, त्यामुळे तो जलपर्णीच्या पानांवरून न अडकता सरकतो. माशाने चावल्यावर पोकळ अंग चेपतं आणि गळ उघडे पडतात. जिवंत बेडूक गळाला टोचायची जुनी पद्धत आता सोडलेलीच बरी. बेडूक संपले तर शेतातले किडे खायला कोण येणार?

कुठे टाकायचं, कधी ओढायचं

नाथसागर उथळ आणि पसरट आहे. पाणी उतरलं की मैलोन्‌मैल जमीन उघडी पडते, लोक तिथे गाळपेर करतात. मासेमाराने तिथे एप्रिल-मे महिन्यांत नुसतं फिरायला जावं. बाभळीचे खुंट, जुन्या विहिरींचे कठडे, ओढ्यांच्या खोलगट वाटा डोळ्यांनी दिसतात. मोबाइलवर खुणा करून ठेवा. पाऊस होऊन पाणी चढलं की मासे त्याच आडोशांना जमतात, तुम्हाला मात्र वरून सपाट पाणी दिसतं. शिवाय विहीर कुठे आहे हे ठाऊक असलं तर त्या बाजूने पाण्यात पाय घालणार नाही. पाण्याखालचा तळ दाखवणाऱ्या सोनार यंत्राचे पैसे वाचले ते वेगळेच.

बेडूक आडोशाच्या पलीकडे टाका, थेट डोक्यावर नको. लाटा विरेपर्यंत थांबा. मग रॉडच्या टोकाने छोटे झटके, दोन-तीन हात, आणि मोकळ्या फटीत आला की पुन्हा थांबा. बहुतेक झडपा थांबल्यावर पडतात.

झडपेचा आवाज आला की हात आपोआप वर जातो. हीच वेळ हात आवरायची. मरळ अनेकदा आधी नुसती धडक मारते. बेडूक दिसेनासा होऊन दोरी ताठ झाली, की मग पूर्ण ताकदीने रॉड उचला.

सकाळी लवकर आणि संध्याकाळी उन्हं कलल्यावर मरळ काठाला असते. चैत्र-वैशाखातल्या भर दुपारी बसायचं असेल तर सावलीत डबा खायला बसा.

पावसाळ्यात मात्र एक पथ्य. काठाजवळ तांबूस-नारिंगी पिलांचा पुंजका हलताना दिसला तर खाली त्यांचे आईबाप राखणीला असतात आणि समोर येईल त्यावर चवताळून जातात. त्या वेळी त्यांना धरणं फार सोपं असतं. ते गेले की पिलं तासाभरात इतर माशांच्या पोटात. तिथे गळ टाकू नका.

‘बांबूच्या काठीनं आमचा आजा मासे धरायचाच की!’

धरायचा, आणि आजही चिलापी किंवा लहान शिंगाड्याला बांबू, तंगूस, भेंडाचा तुकडा आणि गांडूळ एवढंच पुरतं. लहान पोराच्या हातात तेच द्यावं. रीलची गरज दोनच कारणांनी पडते: लांब टाकायचं असेल, किंवा मासा दोरीपेक्षा जोरदार असेल. यातलं काही नसेल तर पैसे घरात राहू द्या.

‘मग सगळ्यात जाड दोरीच घेतली तर?’

जाड दोरी रीलवर कमी मावते, वाऱ्यात फुगते, हलकं आमिष लांब जाऊ देत नाही. आणि हातातला कार्बनचा रॉड ९ किलोचा ताण सहसा सोसत नाही; त्याआधी तुम्हीच थकता. लांब रॉड ही माशाच्या बाजूने काम करणारी तरफ आहे, दोन-तीन किलोंचा ताण लावतानाही मनगट भरून येतं.

कार्बनवरून आठवलं. हा रॉड विजेचा उत्तम वाहक आहे. फुगवट्याच्या काठाला शेतीपंपांच्या तारा किती खाली लोंबतात हे सांगायला नको. फेकण्याआधी मागे आणि वर पाहा. अवकाळी पावसाचं आभाळ गडगडायला लागलं की रॉड आडवा ठेवून काठावरून निघा. मोकळ्या गाळपेरावर उभा धरलेला सात फुटांचा रॉड वीज थेट अंगावर घेतो.

‘इथं बासच आणून सोडला तर?’

हा विचार जपानमध्ये करून झाला आहे. १९२५ मध्ये आशी सरोवरात बास सोडला गेला. पुढे तो देशभर पसरला, स्थानिक छोटे मासे खाऊन फस्त करू लागला, आणि २००५ मध्ये कायद्याने त्याला बाळगायला, सोडायला बंदी करावी लागली. जगातल्या सर्वांत घातक १०० उपऱ्या प्रजातींच्या यादीत तो आहे. आपल्याकडे चिलापीचा अनुभव ताजाच समजा: १९५२ मध्ये भारतात आणली, आता नको म्हणून जात नाही. धरणात सोडलेली मत्स्यबोटुकली खाऊन बास मोठा झाला तर त्याचा फटका शहरातल्या हौशी माणसाला नाही, जाळ्यावर घर चालवणाऱ्या भोई कुटुंबाला बसेल.

‘धरण सरकारचं, मग विचारायचं कुणाला?’

धरणं आणि तलावांतले मासेमारीचे हक्क ठेक्याने बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतात. बीज सोडण्याचा खर्च तीच करते. त्यामुळे आधी संस्थेच्या माणसाला विचारा. धरलेला मासा ठेवायचा की सोडायचा, हेही तिथेच ठरवून घ्या. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे वनविभागाचे नियमही लागू होतात. तुटलेली ब्रेड काठावर टाकू नका. ती कुजत नाही, आणि हिवाळ्यात उतरणाऱ्या पक्ष्यांच्या पायात अडकते. बारीक तुकडे करून बाटलीत भरा आणि घरच्या कचऱ्यात टाका.